रंधा

जानराव मिस्त्री पहिल्याच दिवशी बोलला,
"बाई, तो रंगाचा डबा वापस करून या.
हे खारपान हाय. इथं भितीले आतून घाम सुटते,
वरून कितीबी नटवा."
मग लोखंडी पत्रीनं त्यानं कमरेइतका लोणा खरवडला,
पांढरा, चिमटीत चुरचुरणारा.
मी जिभेला लावून पाहिला.
तेवीस वर्षं या घरात काढली,
घराची चव आत्ता कळली.

विकायचंच होतं.
परतवाड्याला बहिणीच्या शेजारची खोली बोलून ठेवली होती.
दलाल म्हणाला, आहे तसं द्याल तर साडेतीन लाख,
थोडा हात फिरवाल तर चारच्या वर.
थोडा म्हणजे किती, ते मी
गॅसच्या कार्डामागे मांडत गेले.

चुना तीन पोती, वर डिंक.
टिनांवर पांढरा मुलामा,
म्हणजे मे महिन्यात घराचा तवा होणार नाही
(हे मला आधी का सुचलं नाही, ते लिहायला कार्डावर जागा नव्हती).
लोंबत्या वायरी पट्टीत गेल्या.
न्हाणीच्या पाण्याला शोषखड्डा खणला,
त्यात शाळेच्या पडक्या भिंतीचे विटांचे तुकडे,
फुकट, हेडमास्तरांचा दोन वेळचा चहा सोडून.
आणि स्वयंपाकघरात पूर्वेला खिडकी फोडली.
जाळी भंगारातली, नव्वद रुपये.

खिडकी फोडली त्या सकाळी
ओट्यावर उजेडाचा एक चौकोन येऊन बसला
आणि मला कढईचं बूड दिसलं.
इतकी वर्षं मी ती घासली, असं समजत होते.

शेजारची चंद्रकला कुंपणावरून म्हणाली,
"आता कुठं घर झालं, तं इकून राह्यली काउन वं?"
जानरावला पाणी हवं होतं.
ते नेऊन दिलं.

शेवटी राहिलं समोरचं दार.
पावसाळ्यात फुगायचं, एरवी उंबऱ्यावर घासायचं,
उघडताना एक लांब करकर, मग धप्प.
हुसेनभाईनं ते बिजागरीतून उतरवलं,
दोन बाजांवर आडवं टाकलं, रंधा फिरवला.
सागाच्या कुरळ्या साली अंगणभर झाल्या,
मी चुलीसाठी गोळा केल्या.
एकशे ऐंशी रुपये.
बिजागरीला एरंडेल त्यानं पदरचं घातलं.
एका बोटानं लोटलं, तर दार मिटलं.
मांजर कूस बदलते तसं.

जिनिंगची पाळी रात्री दीडला सुटायची.
त्यांच्या कानात, भुवयांत सरकीचा कापूस असायचा.
मी झोपले असेन, म्हणून ते दार
दोन्ही हातांनी जरा उचलून धरायचे.
तरी करकरायचंच.
मग मी भिंतीकडे वळायचे.
एवढंच.
किती वेळा म्हणाले, दाराला रंधा मारून घेऊ.
मीच म्हणायचे, राहू द्या, पैसे लागतात.

बुरघाटे कंपाउंडर बायकोला घेऊन आले.
त्यांनी नमुना आठ वाचला, भिंत गुडघ्याशी वाजवली,
टिनांकडे हात कपाळावर धरून पाहिलं.
बायको खिडकीशी उभी राहिली ती राहिलीच.
जाताना त्यांनी दार चार वेळा उघडलं, मिटलं.
"दार भारी हाय. आवाजच नाही."
"सागाचं आहे," मी म्हणाले.

चार लाख दहा हजार. इसार अकरा हजार, रोख.
कार्डामागे बेरीज केली:
नऊ हजार सहाशे चाळीस गेले, साठ हजार वाढले.
दलालाचा हिशेब चुकला नव्हता.

त्या रात्री कडी न लावता
दार नुसतं लोटून झोपले.
वारा आला असेल, गेला असेल.
कळलं नाही.